सहा कप आणि उंबरा

९ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे, वार खोडून लिहितेय. हर्षिताने दिली. "आई, मनात जे काही आहे ना, ते इसमें निकाल. बाबांवर नको," म्हणाली. आमची मुलगी एकोणतीस वर्षांची झाली, पण एक वाक्य एका भाषेत पुरं करील तर शपथ.

मनात सध्या एकच विषय आहे. एरवी मी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'हे' म्हणते. पण डोकं फिरलं की मनातल्या मनात पूर्ण नाव घेते. तर आज संभाजीराव.

झालं असं. सिनेमातल्या त्या ट्रेवाल्या नाचाला पन्नास वर्षं होतायत. हॉटेलातला वेटर सहा कपांचा ट्रे एका हातावर घेऊन टप टप जिना चढतो, सातव्या पायरीवर घसरतो, ट्रे डगमगतो, आणि एक थेंब न सांडता तो वर साहेबाच्या दारात पोचतो. तो नाच पाहिला नाही असा माणूस ग्वाल्हेरात सापडायचा नाही. त्याच्या नकलाही तेवढ्याच. जाहिरातीत कुणी सिमेंटची घमेली घेऊन चढलं, टीव्हीवर कुणी कोंबड्या घेऊन. आता तो सिनेमा पुन्हा थेटरात लागणार म्हणे, आणि सिनेमाच्या कंपनीने लोकांकडून नकला मागवल्यायत. निवडलेल्या दहा पडद्यावर दाखवणार.

आमच्या घरात ती नक्कल करणारा माणूस आयता आहे. माझ्या ताईच्या लग्नात, कार्यालयाच्या जिन्यावर, वीज खात्यातल्या एका लुकड्या कारकुनाने पोह्यांच्या बश्या घेऊन तो नाच केला होता. सातव्या पायरीवर असा घसरला की माझी आई किंचाळली. मी त्याच दिवशी ठरवलं, हाच. चाळीस वर्षं झाली, हळद असो की बारसं, लोक "संभाजीराव, ट्रे!" म्हणून ओरडतात. त्या नाचात यांचा जीव आहे.

आज सकाळी हर्षिता म्हणाली, बाबा, हीरो तुम्हीच. मी एवढंच म्हणाले, "चार गुंड्या लावायला ज्यांना पाव तास लागतो, ते काय नाचणार?" गमतीत म्हणाले हो! संभाजीरावांनी नुसतं बघितलं. चेहरा इतका कोरा, की माझाच हात पोळपाटावर थांबला.

११ नोव्हेंबर

सुरू झालं. संभाजीराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे.

हे बाहेरच्या कुणाला सांगून पटायचं नाही. यांचे पणजोबा शिंद्यांच्या घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, रुसायची पद्धत तेवढी राहिली. या घरातला पुरुष रागावला की भांडत नाही, उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. बाईने "या, घर तुमचंच आहे" म्हटलं की आत येतो. तोवर नाही. सासूबाईंनी लग्नानंतर आठव्या दिवशी मला हे समजावलं होतं, आणि मी तेव्हापासून किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही.

यंदा नाही म्हणणार. चूक माझी असेल तर अर्धीच आहे. दोन मिनिटं उभे होते, मग एकदम भर्रकन आत आले आणि पाण्याचा पेला घेऊन गेले. आले ना? मग!

१४ नोव्हेंबर

अबोला रीतसर चालू आहे. काही हवं असलं की चिठ्ठी. आज 'दाढीचं पातं' असं लिहिलं होतं, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. पहिला शब्द तरी वाचता आला, पुढचा तर जिऱ्यासारखा. वीज खात्याच्या रजिस्टरात यांचं अक्षर दुरून ओळखू यायचं. आता माझ्यासाठी शाईसुद्धा सोडवत नाही.

बोललेच तर पुटपुटतात. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, भोपाळच्या खरखरीतून आकडा पकडायचे. मला ऐकू येऊ नये म्हणून पुटपुटायचं, तर त्यासाठी याहून मेहनत लागेल.

कढीला हिंगाची फोडणी मुद्दाम जास्त दिली. या वासावर झोपेतून उठून येणारा माणूस. आले नाहीत. राग नाकापर्यंत पोचलाय म्हणायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पहिली तालीम. गोरखी वाड्याजवळ एका जुन्या बंद कचेरीचा बाहेरचा दगडी जिना हर्षिताने हेरलाय. सोळा पायऱ्या, वर सपाट जागा आणि तिच्या टोकाला दार. साहेबाच्या भूमिकेत यांचे मित्र जयसिंहराव. पोट मूळचंच आहे, उशी बांधायला लागली नाही.

संभाजीरावांनी ट्रे उचलला मात्र, सहाही कप बशीत किणकिण करायला लागले. थांबेचनात. हर्षिता कॅमेऱ्यामागे हसून हसून वाकली. "बाबा, ये तो ओरिजिनलमध्ये पण नाहीये!" जयसिंहराव वरून ओरडले, "वहिनी, याचा चेहरा बघा! घर जळतंय तरी चहा देतोय!" खरंच, तोंडावरची रेघ हलत नव्हती. माझं हसू मी पदरात दाबलं. अबोल्यात हसणं बरं दिसत नाही.

आणि जिना! गाणं लागलं आणि हा अडुसष्ट वर्षांचा माणूस टप टप टप चढला. एकाही पायरीवर अडखळला नाही. वरच्या सपाट जागेवर मात्र जरा घुटमळले, म्हणून हर्षिताने कुठे पाय टाकायचा ते दाखवायला पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांवरून परेडसारखे गेले.

घरी आलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पुन्हा तेच, पुतळा! आता सांगा, जिना धडाधड चढतो आणि दोन बोटं उंच उंबरा ओलांडवत नाही? नाटक याहून वेगळं काय असतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजिबात म्हणणार नाही मी ते वाक्य.

२२ नोव्हेंबर

हर्षिताने तालमीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाईलवर सगळ्यांना दाखवायला टाकला. दोन दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला. 'अंकल का चेहरा!', 'कप की आवाज़ में मर गया', असलं काय काय लिहिलंय. कंपनीतल्या बाईचा फोन आला, म्हणाली पूर्ण नक्कल पंधरा डिसेंबरच्या आत पाठवा, आम्ही वाट बघतोय.

संभाजीरावांनी तो तुकडा चार वेळा लावायला सांगितला. हसू नाही, काही नाही. मग हळूच म्हणाले, "मी असा चालतो?"

हर्षिता म्हणाली, "बाबा, कमाल चालता!"

स्तुती पुन्हा पुन्हा ऐकायची हौस दांडगी. मी उठून कपडे वाळत घालायला गेले.

२५ नोव्हेंबर

काय लिहू? पण लिहिते, नाहीतर मी हे उद्या स्वतःलाच वेगळं करून सांगेन.

सकाळी हर्षिता कामाला गेलेली. दहाच्या सुमाराला संभाजीराव उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मला कुकर लावायचा, भाजी आणायची. मी पाच मिनिटं वाट पाहिली. म्हटलं, "बाजूला व्हा." नाही झाले. मी अंग चोरून बाहेर पडले आणि पिशवी घेतली. जाताना म्हणाले, "उभे राहा आता संध्याकाळपर्यंत. मी नाही म्हणायची."

दाना ओलीच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा चांगल्या मिळाल्या. मग सुमनताई भेटल्या, त्यांच्या सुनेचं ऐकलं. मुद्दामच ऐकलं, उशीर व्हावा म्हणून. सव्वा तासाने परत आले.

ते तिथेच होते. त्याच जागी. एक हात चौकटीला, बोटं पांढरी पडलेली. पायजमा ओला झाला होता आणि खाली फरशीवर पाणी होतं.

रुसवा काढायला कुणी एवढं करत नाही. हे मला त्या क्षणी कळलं. तरी तोंडातून आलं ते तेच, दुसरं काही सुचलंच नाही. "या हो, या. घर तुमचंच आहे."

ते आले नाहीत.

"शांता, मी रागावलेलो नाही," म्हणाले. आवाज एवढासा. "पाय येत नाहीत."

माझ्या हातून पिशवी सुटली. शेंगा फरशीवर पडल्या, एक लांब शेंग त्यांच्या पावलांसमोर आडवी. त्यांनी तिच्याकडे बघितलं. आणि पाय उचलून, अगदी जिना चढल्यासारखा, ती शेंग ओलांडून आत आले.

मी त्यांना पुसलं, पायजमा बदलला, खुर्चीत बसवलं. विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाले, "हर्षिताने शूटिंग बंद केलं असतं. आणि तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, काय नाचणार. ते खरं ठरेल असं वाटलं."

सव्वा तास! मी तिथे कुणाच्या सुनेच्या चुगल्या ऐकत होते.

२७ नोव्हेंबर

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी यांना चालायला लावलं, बोटं चिमटीसारखी मिटायला-उघडायला लावली. मग कागद दिला, म्हणाल्या, तुमचं नाव आणि पत्ता लिहा. नाव बरं आलं. पत्ता लहान लहान होत गेला आणि दौलतगंजला पोचेपर्यंत नुसती रेघ राहिली. मला त्या चिठ्ठ्या आठवल्या. मी त्यांना कंजूष म्हणाले होते.

वास येतो का, विचारलं. हे म्हणाले, वर्षभर नाही. वर्षभर! मी त्या कढीत किती हिंग घातला होता.

शेवटी हर्षिताने मोबाईलवरचा तुकडा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा पाहिला. त्या हसल्या नाहीत. दोन लाखांत न हसणारं पहिलं माणूस. म्हणाल्या, पार्किन्सन आहे. कपांची किणकिण, कोरा चेहरा, दारात पाय खिळणं, सगळं त्यातलंच. सपाट जमिनीवर पाय अडकतो, पण समोर पायरी असली, आडवी रेघ असली, ताल असला, तर पुष्कळांचा सुटतो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी ताब्यात ठेवता येतो. पडू मात्र द्यायचं नाही.

रिक्षात हर्षिता रडत होती. "मैंने बाबांच्या बीमारीवर लोकांना हसवलं, आई." मी तर त्यांना ओल्यात उभं ठेवलं होतं, आणि ते तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं. आज धीर नाही.

२९ नोव्हेंबर

सांगितलं. हर्षिता माझ्याशी दिवसभर बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

संध्याकाळी ती म्हणाली, तुकडा काढून टाकते आणि कंपनीला नाही कळवते. हे खुर्चीत होते. "लोक हसले ना?" म्हणाले.

"बाबा, पर वो..."

"हसले ना? चाळीस वर्षं मी लोकांना हसवायला घसरत आलोय. मी त्या वेटरची नक्कल करतो, आता हा आजार माझी नक्कल करतोय. करू दे त्याला. मला एकदा पडद्यावर तो जिना पुरा चढायचाय. पुढच्या वर्षी जमेल का, ते त्या डॉक्टरणीलाही माहीत नाही."

एवढं लांब हे महिन्याभरात बोलले नव्हते. हर्षिताने माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणायचं होतं. सोळा दगडी पायऱ्या, बाजूला कठडा नाही, पडले तर? पण एकदा 'काय नाचणार' म्हणून बसले होते. जीभ उचललीच नाही.

२ डिसेंबर

डॉक्टरीणबाई फोनवर आधी रागावल्या. मग अटी घातल्या. सकाळच्या गोळीनंतर तासाभराने, दोन्ही बाजूंना माणूस, कपात चहा नाही, आणि सातव्या पायरीवर घसरायचं अजिबात नाही. यांनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा भरवसा नाही.

७ डिसेंबर, रविवार

जिवाचं पाणी पाणी झालं आज.

सकाळी धुकं होतं, नऊ वाजता थोडं वर गेलं. हर्षिताने वरच्या सपाट जागेवर पिवळ्या पट्ट्या कालच चिकटवून ठेवलेल्या. जिन्याच्या एका बाजूला तिचा तरुण नावाचा मित्र खाली वाकून, कॅमेऱ्यात न येईल असा. दुसऱ्या बाजूला तिच्या कामावरचा एक दणकट गडी. वर दाराशी जयसिंहराव साहेब होऊन, आणि दाराच्या आड मी, हातात शाल घेऊन. आजाराचं कळल्यापासून यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत जयसिंहराव. हेच त्यांना म्हणाले, "अरे, पोट सांभाळ, फ्रेमच्या बाहेर जातंय."

गाणं लागलं. किणकिण करत हे चढायला लागले. मी फटीतून पायऱ्या मोजत होते. चार. पाच. सहा.

सातवीवर घसरले!

मी किंचाळले, अगदी माझ्या आईसारखी. तरुण झेपावला. पण यांनी एक गुडघा टेकला, ट्रे डोक्यावर धरला आणि तालावर उठले. मुद्दाम! डॉक्टरीणबाईंना शब्द देऊन! वाटलं, खाली आले की यांची कानउघाडणीच करते.

मग सोळावी पायरी. मग सपाट जागा. आणि पट्ट्या नव्हत्या. दवाने टेप सुटून कडेला गोळा होऊन पडला होता, आणि धुक्याच्या गडबडीत कुणी पाहिलंच नव्हतं.

हे थांबले. पाय जमिनीला खिळले आणि अंग मात्र पुढे जायला लागलं. मागे सोळा पायऱ्या. गाणं चालूच. तरुण खाली, त्याला वर यायला वेळ लागला असता. जयसिंहरावांचा 'आ' वासलेला. मी दाराबाहेर आले. कॅमेरा बिमेरा गेला खड्ड्यात. त्यांच्या पावलांसमोर माझा पाय आडवा टाकला.

त्यांनी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला ओलांडू?" हळूच म्हणाले. आमच्याकडे माणसाला ओलांडत नाहीत. चुकून ओलांडलं तर उलटं परत यावं लागतं.

"ओलांडा हो," म्हटलं. "या, घर तुमचंच आहे."

उचलला पाय. ओलांडला. मी दुसरा आडवा टाकला, तोही ओलांडला. असं दारापर्यंत, तालावर. साहेबाच्या पुढ्यात ट्रे ठेवला, तेव्हा सहाही कप बशीत होते.

हर्षिता "कट" म्हणायचं विसरली. मी म्हणाले, मी मध्ये आले, पुन्हा घ्यावं लागेल ना? ती म्हणाली, "आई, चुप. एकदम चुप." आणि मला मिठी मारली. आठ दिवसांनी.

कानउघाडणी करायची राहिली.

१९ डिसेंबर

कंपनीचा फोन आला. निवडली. गोळ्यांनी किणकिण जरा कमी झालीय. हे म्हणतात, आजाराने ऐन वेळी साथ सोडली. घरभर हर्षिताने पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यायत. शेजारच्या शालिनीताई हळदीकुंकवाला आल्या, तर त्यांना वाटलं फरशी फुटलीय.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारच्या खेळाला गेलो. थेटर भरलेलं. आमची नक्कल सातवी लागली.

कपांची किणकिण सुरू झाली आणि लोक हसायला लागले. माझी मूठ आवळली. प्रत्येक हसण्याला मला उठून सांगावंसं वाटत होतं, की बाबांनो, ते खरं आहे. यांच्याकडे बघितलं. चेहरा हलत नव्हता, पण खांदे गदगदत होते. हे हसत होते. पडद्यावरचे हे घसरले तेव्हा तर माझा हात धरून हसले. मी पाय आडवा टाकला तिथे मागून कुणी म्हणालं, "अरे, आंटी ने टांग अड़ा दी!" आणि अख्खं थेटर हसलं, नि मग टाळ्या. मग मीही हसले. काय करणार?

खेळ सुटल्यावर बाहेर पडताना गर्दी झाली, आणि दारात हे थांबले. मागून लोक ढकलायला लागले. मी खाली बघितलं, पाय टाकायलाही जागा नव्हती. तेवढ्यात एका पोराने ओळखलं. "वही अंकल! देखो, वही कर रहे हैं!" लोकांना वाटलं, नक्कल चाललीय. कुणीतरी त्या गाण्याच्या तालावर टाळी धरली, मग दहा जणांनी, मग सगळ्या दाराने. टप, टप, टप.

यांनी रिकामा तळहात ट्रेसारखा वर धरला आणि त्या टाळ्यांवर चालत बाहेर गेले. कुणाला काही कळलं नाही. मी सांगितलं नाही.

घरी आलो. उंबऱ्याआधीची पट्टी आहे, तिच्यावरून सरळ आत येता येतं आता. तरी हे उभे राहिले. मी आतून म्हटलं, काय झालं, पाय अडकला का?

"नाही," म्हणाले. "रागावलोय. सव्वा तास उभं केलं होतंस."

महिन्याभरात पहिल्यांदाच काढलं त्यांनी ते. मी उंबऱ्याशी गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि रडत रडत म्हटलं, या, घर तुमचंच आहे.

आले.